रेस कोण देत होतं?

यावर विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातलं अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. त्या गाडीत मी स्वतः बसले होते.

१९९९ साल. बंगळूरु, मल्लेश्वरममधलं एक छोटं गॅरेज. रविवारची दुपार.

मी पुण्याहून नोकरीसाठी नवीनच आले होते. आमची कंपनी गाडीचं इंजिन तपासायचं सॉफ्टवेअर बनवायची. लॅपटॉपची वायर गाडीला जोडली, की इंजिन कसं चालतंय ते आकड्यांत दिसायचं.

त्या दिवशी प्रतापराव नावाच्या गृहस्थांची गाडी आली होती. तक्रार एकच. इंजिन मध्येच आपोआप रेस होतं.

आमची पद्धत ठरलेली. ड्रायव्हरच्या सीटवर मेकॅनिक मल्लाप्पा, शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन मी. पेडल किती दाबायचं ते मी सांगायचं, त्यांनी तेवढी रेस द्यायची. माझी नजर स्क्रीनवरून हलत नसे.

आवाजाने शेजारी कटकट करायचे, म्हणून शटर ओढून घेतलेलं. धूर बाहेर जावा म्हणून सायलेन्सरला लांब पाइप लावून त्याचं टोक शटरखालून बाहेर काढलेलं.

"तीस टक्के."

आकडा तीसवर आला.

"चाळीस."

चाळीस.

मल्लाप्पांचा पाय एरवी कधी स्थिर नसायचा. त्यावरून मी त्यांना फार चिडवायचे. आज मात्र आकडा जराही हलत नव्हता.

"वा मल्लाप्पा, आज पायाला काय झालंय?"

उत्तर आलं नाही...

असतील कामात, म्हणून मी पुढे गेले. पन्नास म्हटलं. पन्नास झालं.

मग घसा खवखवायला लागला. डोळे चुरचुरले.

"धूर आत येतोय. सोडा."

आकडा पन्नासवरच...

"सोडा म्हणतेय ना."

साठ... सत्तर...

मी वैतागून मान वळवली.

सीट रिकामी होती.

पेडल मात्र खाली गेलेलं. पार तळाला टेकलेलं.

मी किल्ली फिरवली. ती हातात आली. इंजिन चालूच.

दाराचं लॉक वर येईना. काच खाली करायचं हँडल फिरेना. खांद्याने दाराला धडका दिल्या, हाका मारल्या, पण त्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. धुरात समोरचं शटर दिसेनासं झालं. आपण इथेच मरणार आणि आईला पत्ताही लागणार नाही, एवढंच डोक्यात येत होतं. मी रडत होते. तुम्हीही रडला असता.

आणि त्या रिकाम्या सीटची गादी... मधोमध दबलेली होती.

मग माझ्या बाजूची काच फुटली.

मल्लाप्पांनी पान्याने ती फोडली आणि मला बाहेर ओढलं. बॉनेट उघडून एक वायर उपटली, तेव्हा कुठे इंजिन थांबलं.

फूटपाथवर श्वास परत आल्यावर मी त्यांच्यावरच ओरडले. "मला एकटीला टाकून गेलात कुठे?"

"सांगून गेलो की अक्का. पाइप निसटल्यागत वाटला, बघून येतो म्हटलं. तुम्ही मान हलवली."

"मग परत का नाही आलात?"

"आलो की. पाइप बसवला, शटर स्वल्प वर करून बघितलं. गाडीचे मालक येऊन माझ्या जागी बसलेले, तुमचं काम चाललेलं. म्हटलं चहा पिऊन येऊ. आलो तर पाइप परत निघालेला, शटरखालून धूर."

मी प्रतापरावांना फोन लावला. ते जयनगरला घरी होते. जेवून झोपले होते.

मल्लाप्पांना मी हे सांगितलं.

"चेहरा बघितलात?" मी विचारलं.

"न्हाई अक्का. त्यांनी पुढं बघितलंच न्हाई. तुमच्याकडं वळून बसलेले... तुम्ही आता काय सांगताय, त्याची वाट बघत."

गाडीत कुठलाही दोष निघाला नाही. पुढे प्रतापरावांनी ती विकली. कोणाला, ते मला माहीत नाही.

मी आजही हेच काम करते. सुरुवात करण्याआधी शेजारी बघून घेते. सीटवर माणूस असतो. तरी त्याला काहीबाही विचारते, आणि त्याच्या तोंडून उत्तर आल्याशिवाय लॅपटॉप उघडत नाही.