उष्टी बाजू

शके १९०६ चा वैशाख, म्हणजे इसवी सन १९८४ च्या मे महिन्याची सतरा तारीख, गुरुवार. वेळ सकाळी आठची. स्थळ चंद्रपूर जिल्ह्याच्या चिमूर तालुक्यातील मोहबोडी या गावची पायविहीर. एवढा तपशील देण्याचे कारण असे, की त्या वेळी आणि त्या ठिकाणी मंगलीच्या आईवर खोटेपणाचा आरोप ठेवण्यात आला. आणि आरोप म्हटला की तारीख-वार चोख असलेले बरे.

आरोप ठेवणारे होते पोलीस पाटील बापूराव. विहिरीच्या शेवटच्या पायरीवर, पोटऱ्यांपर्यंत पाण्यात उभे राहून ते खुशाल पाय चोळत होते.

“अवो, गाळलेल्या पाण्यानं नारू होते काय?” वरच्या बायांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले. “गिरजाबाई म्हणते, गुंड न् गुंड गाळला. मंग तिच्या पायातून नारू काऊन निघाला? एक तं बाई खोटी, नाई तं फडकं खोटं! रविवारी सभा आहे. सारे फडके गोळा करू, आन् त्या श्रीहरीले वापस देऊन टाकू!”

मंगलीच्या डोक्यावरचा पाण्याने भरलेला गुंड डचमळला. “माही माय खोटी नाई!” ती ओरडली.

“मंग फडकं खोटं,” पाटील हसले आणि त्यांनी दुसरा पाय चोळायला घेतला.

मंगली बारा वर्षांची, तलावात मासे धरणाऱ्या ढिवराची पोर. तिची आई गिरजाबाई महिनाभर बाजेवर पडून होती. घोट्याजवळच्या जखमेतून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा, म्हणजेच नारू, निघत होता. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, आणि तुटू द्यायचा नाही. वेदना सोसणाऱ्या बाईला वर खोटीही म्हणवून घ्यावे लागणे, याहून मोठा अन्याय मंगलीला ठाऊक नव्हता.

ती तडक शेजारच्या देवकाबाईंच्या अंगणात गेली. तिथे तिची दोन माणसे होती. एक पत्रू, शेजारचा, अकरा वर्षांचा, तोंडाने सदा चालू. दुसरी सत्यशीला, देवकाबाईंची भाची. तिचे वडील ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नोकरीला. बुद्धपौर्णिमेला ती मामाच्या गावी आली होती, आणि सोबत शाळेची एक कोरी वही घेऊन आली होती.

“रडू नकोस,” सत्यशीला म्हणाली. “आधी सांग, नारू होतो कसा?”

“श्रीहरीभाऊनं सांगतलं होतं,” पत्रूने पाठ म्हटले. आरोग्य खात्याचे श्रीहरीभाऊ सायकलवरून गावोगाव फिरत आणि पाणी गाळायची फडकी वाटत. “नारूवाला पाण्यात उभा राह्यला का त्याच्या जखमेतून नारूचे पिल्लं पाण्यात पडतात. ते पिल्लं एक बारका किडा खाते. त्याले एकच डोळा! आपण तो एकडोळ्या पिलो का वर्षभरानं नारू बाहेर!”

“वर्षभरानं!” सत्यशीलेने वहीत रेघ मारली. “म्हणजे यंदाचा नारू मागच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा. तेव्हा फडकी वाटली होती का?”

“मागच्या सालच्या होळीलेच वाटले,” मंगली म्हणाली. “आन् त्या दिवसापासून माय गाळूनच राह्यली.”

म्हणजे कोडे खरेच होते! तिघे कामाला लागले. गिरजाबाईचे फडके उन्हात धरून पाहिले: एकही भोक नाही. ती रानात कुठले पाणी पिते, हे विचारले: घरचेच, तुंब्यात भरून नेलेले. मग त्यांनी इतरांची घरे पाहिली. देवकाबाईंच्या घरी पाच माणसे, आणि नारू एकालाही नाही. त्यांचे फडके रांजणाच्या तोंडाला करकचून बांधलेले होते.

“मामी, हे कधी बांधलं?”

“सोमवारी बांधलं बापा. आता येत्या सोमवारी सोडीन, धुवीन, अन् परत तसंच बांधीन. रोज कोण सोडते!”

“पाहा!” पत्रू आनंदाने ओरडला. “मामी आळशी, तं मामीच्या घरी नारू नाई! मी आजपासून आळसच करतो!”

“तू कालबी तेच करून राह्यला होता,” देवकाबाई म्हणाल्या.

मंगलीला मात्र हसू आले नाही. “माही माय कोणापरीस कमी स्वच्छ आहे काय? चला, दाखवते मी, आमी कसं गाळतो ते!”

घरी जाऊन तिने रांजणावर फडके अंथरले आणि पहिला गुंड रिता केला. दुसरा गुंड उचलण्याआधी तिने फडके उचलले, सफाईने पालटले आणि पुन्हा अंथरले.

“थांब!” सत्यशीला किंचाळली. “हे काय केलंस?”

“बाजू पलटवली. एकदा गाळलं का ते बाजू उष्टी झाली नं! उष्ट्या बाजूनं कोण गाळते?”

“दर गुंडाला पालटता?”

“दर गुंडाले! मायनंच शिकवलं.”

सत्यशीला धावत गेली आणि देवकाबाईंची चहाची गाळणी घेऊन आली. तिच्यात सकाळची चहापत्ती तशीच चिकटून होती. तिने गाळणी वाटीवर उपडी धरली. “आता ओत पाणी.”

मंगलीने ओतले. सारी चहापत्ती वाटीत उतरली.

“अगा माय!” पत्रू पहिल्यांदाच हळू बोलला.

मंगली त्या वाटीकडे बघत राहिली. विहिरीतले किडे फडक्याने धरले होते, आणि पुढच्याच गुंडाच्या पाण्याने ते रांजणात धुऊन सोडले होते. तेही स्वच्छतेच्या नावाने! आई खरे बोलत होती, हे आता सिद्ध करता येणार होते. परंतु ते सिद्ध करायचे म्हणजे आईचेच हात चुकले, हे चारचौघांत सांगायचे. खरेपणा आणि चूक एकाच फडक्याच्या दोन बाजू निघाव्यात, हे तिला फार कठीण वाटले.

तिने आईला सगळे सांगितले. गिरजाबाई कोपरावर रेलून उठली.

“म्हणजे म्यांच वाढलं का तुमाले ते?”

“तुले कोणी सांगतलंच नाई नं, माय!”

“नाई सांगतलं.” गिरजाबाईने काडीवरची पट्टी नीट केली. “खोटी म्हणवून घेण्यापरीस चुकली म्हणवून घेतलेलं बरं. माही बाज सभेत न्या.”

रविवारी सकाळी चावडीपुढे सारे गाव जमले. बाज चौघांनी आणून ठेवली. श्रीहरीभाऊ सायकल टेकवून खाली मान घालून बसले होते. पाटील बोलायला उठणार, इतक्यात पत्रूने त्यांच्यापुढे दोन काचेचे गिलास मांडले.

“हे काय नाटक आहे, बे?”

“पाटीलभाऊ, दोन मिंट!” मंगली म्हणाली. तिने पहिल्या गिलासावर फडके धरून विहिरीचे पाणी गाळले. मग फडके पालटले, दुसऱ्या गिलासावर धरले, आणि त्यातून सत्यशीलेने पितळी तांब्यातले पाणी ओतले.

“दोन्ही गाळलेलंच आहे, भाऊ,” मंगली म्हणाली. “कोणतं पिता?”

“कोणतंबी!” पाटलांनी ऐटीत दुसरा गिलास उचलला.

“पिण्याआधी उन्हात धरून बघा!” सत्यशीला घाईने म्हणाली.

पाटलांनी गिलास डोळ्यांपुढे धरला. पांढरे, बारीक ठिपके टुणटुण उड्या मारत होते. पहिला गिलास निवळशंख होता.

“ह्या गिलासातलं पाणी विहिरीचं असंल!”

“नाही, भाऊ. आमच्या मामीनं उकळून थंड केलेलं!” सत्यशीला म्हणाली. “किडे पाण्यात नव्हतेच. फडक्यावर होते, पालटलं, तसे खाली आले.”

“म्यां दर गुंडाले पलटवलं,” गिरजाबाई बाजेवरून स्पष्ट बोलली. “उष्टं नको म्हणून.”

बायांमध्ये कुजबुज उठली; आणखी तिघींनी हळूच कबूल केले की त्याही पालटतात. त्या तिघींच्याही घरी यंदा नारू होता!

श्रीहरीभाऊ उभे राहिले. “चूक माझी. फडकं दिलं, पण बाजू बदलायची नाही, हे सांगायचं राहून गेलं. आज प्रत्येक फडक्याच्या वरच्या अंगाला लाल दोऱ्याचा टाका घालू. टाका नेहमी वर. पोरांनो, माझ्या सहा गावांत हे कोणी शोधलं नव्हतं. मी तुमच्याकडून शिकलो.”

“आन् विहिरीत पाय टाकून उभं राहणं?” पत्रूने पाटलांकडे न बघता विचारले.

हशा पिकला. पाटीलही ओशाळून हसले. “बंद! पायऱ्या बुजवू. वरून गडगडीनं, दोर-बादलीनं पाणी काढू.”

“फडके वापस द्यायचे काय मंग?” देवकाबाईंनी विचारले.

“नाई.” पाटलांनी गिलास खाली ठेवला, बाजेजवळ गेले आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “गिरजाबाई खरं बोलली होती. चुकलो मी.”