उसनं विरजण

रिठ्याच्या फेसाची बाटली हातात घेऊन रेवती पेंढारकर प्रयोगशाळेतल्या बेसिनपाशी नुसतीच उभी होती. नवं प्रसाधन बाजारात जाण्याआधी संस्थेतल्या प्रत्येकाने महिनाभर त्याने तोंड धुवायचं, असा इथला दंडक. बाळंतपणाच्या रजेमुळे तिची एकटीचीच पाळी राहिली होती, आणि आज कामावर परतल्या परतल्या ती पुढ्यात आली.

तिचा तीन महिन्यांचा निषाद खालच्या मजल्यावर, संस्थेच्याच पाळणाघरात होता. महाशय भलते हट्टी. बापाने घेतलं तरी आकांत मांडायचे आणि आईच्या गालाला नाक लागलं की गप्प व्हायचे. त्या गालाचा वासच धुऊन निघाला तर?

तिने ही भीती डॉ. परकारांना सांगितली. प्रसाधनाची मूळ कल्पना त्यांची. त्यांनी शांतपणे समजावलं, की त्वचेवर सूक्ष्मजीवांची वस्ती असते आणि माणसाचा वास मुख्यतः तीच घडवते. रिठा ती वस्ती धुऊन टाकतो, म्हणून फेसात निरोगी चेहऱ्यावरचं जिवंत ‘त्वचाविरजण’ घातलेलं असतं. दही लागावं तशी नवी वस्ती लागते.

“कुणाच्या चेहऱ्यावरचं?” रेवतीने विचारलं.

परकार ओशाळले. “तुमच्याच. तुम्ही रजेवर असताना आमचं सगळं विरजण मेलं. फ्रीजमध्ये तुमचा नमुना तेवढा जिवंत होता. शेजारून मागून आणतात तसं घेतलं, विचारायचं तेवढं राहून गेलं.”

रेवतीला इतकं हायसं वाटलं की रागवायचंही सुचलं नाही. तिने चेहरा खुशाल धुतला.

दुपारी ती दूध पाजायला खाली निघाली. जिन्यात रडणं ऐकू येईना, तशी ती उरलेल्या पायऱ्या धावतच उतरली.

निषाद पाळणाघरातल्या वंदनाताईंच्या खांद्यावर होता, त्यांच्या गालाला नाक लावून.

“गुणी आहे हो,” वंदनाताई म्हणाल्या. “उठल्यापासून एकदाही रडला नाही. आणि तुमचा तो फेस छानच आहे. महिनाभर लावला, बघा चेहरा कसा तुकतुकीत झालाय.”

महिन्याभराने त्या बाटल्या गावोगाव जाणार होत्या. रेवतीने निषादला ओढूनच घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. आई आली हे त्याला कळलंच नव्हतं, कारण सकाळपासून त्याच्या लेखी ती कुठे गेलीच नव्हती.