चढावरचा श्वास

मशीन पहिल्यांदा खांद्याला अडकवलं तेव्हा कडूबाई हसत सुटल्या. "ही तर पोरांची शाळंची बॅग हाय," त्या म्हणाल्या, नाकातली नळी सारखी केली आणि दवाखान्याचा व्हरांडा कुठेही न टेकता पार केला. परत फिरून पुन्हा पार केला. आधी याच व्हरांड्यात त्या भिंत धरून उभ्या राहायच्या. मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

मी यशोधरा. माहेर श्रीगोंद्याचं, नोकरी पारनेर तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात. फिजिओथेरपिस्ट आहे. फुप्फुसं कायमची अधू झालेल्या माणसांना पुन्हा चालतं करायचं, हे माझं काम. कडूबाईंनी जन्मभर चुलीचा धूर खाल्लेला. बसल्या जागी त्यांना काही होत नसे. चालू लागल्या की रक्तातला ऑक्सिजन घसरायचा आणि ओठ काळेनिळे पडायचे. म्हणून हे पोर्टेबल मशीन. ते हवेतूनच ऑक्सिजन गोळा करतं आणि पेशंटनं श्वास आत ओढला की त्याच क्षणी एक झोत सोडतं. फुस्. पुढचा श्वास, पुढचा झोत. कोणी श्वास ओढलाच नाही तर मशीन गप्प.

"आता मला डोंगरावर जायचंय," कडूबाईंनी जाहीर केलं.

डोंगर म्हणजे त्यांच्या गावामागचा, राळेगणसिद्धीच्या अंगाचा. पूर्वी तो बोडका होता. पाणी जिरावं म्हणून गावातल्या बायांनी त्याच्यावर खालपासून माथ्यापर्यंत चर खणले, त्यात कडूबाई होत्या आणि त्यांची थोरली जाऊ भागिरथी होती. भागिरथीबाई पुढं धाप लागून लागून गेल्या.

"तिला बी ह्योच आजार. एकाच चुलीपुढं बसायचो आमी," कडूबाई म्हणाल्या. "तवा असली मशिनी कुठं हुती? दारात बसून डोंगराकडं बघत ऱ्हायची. मी बी तेच करतीय किती साल."

डॉक्टरांनी परवानगी दिली. जास्तीची बॅटरी घ्यायची आणि मी सोबत जायचं, या अटीवर. कडूबाईंचा मुलगा गोरक्ष गावातलं दूध संकलन केंद्र चालवतो. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं.

"मॅडम, वर काही झालं तर खाली कसं आणायचं?"

"काही होणार नाही. मी आहे ना."

खरं सांगायचं तर मलाच धीर धरवत नव्हता. माझा एकही पेशंट आजवर डोंगर चढला नव्हता.

पावसाळा संपून ऊन नुकतं कडक होऊ लागलं होतं. गोरक्ष शेवटच्या घरापाशी थांबला, आम्ही सकाळीच वर निघालो. गुडघाभर गवत पिवळं पडायला आलेलं. चरांच्या कडेनं सीताफळं आणि कडुनिंब दाटलेले. कडूबाई प्रत्येक झाडाला हात लावत होत्या. मी शिकवल्याप्रमाणे त्या नाकानं श्वास घेत आणि शीळ घालावी तसे ओठ करून हळूहळू सोडत. त्यांच्या बोटाला लावलेल्या मीटरवर ऑक्सिजन नव्वद टक्के दिसत होता. चढावर नव्वद!

"मावशी, कमाल आहे तुमची!"

"अगं, अजून बघ तर!"

निम्म्या चढावर त्या टेकल्या आणि एका चराकडे बोट दाखवून सांगू लागल्या, हा मी अन् भागिरथीनं खनला, हितं ही एवढाली दगडं निघाली. मी ऐकत होते. ऐकताना काहीतरी खटकलं. माणूस बोलतं तेव्हा श्वास बाहेर जात असतो. कडूबाईंचं वाक्य अजून संपलेलं नव्हतं, आणि मशीन वाजत होतं.

फुस्. फुस्.

नळीत वारा शिरत असेल, असं मला वाटलं. पण एक पान हलत नव्हतं. तरी मी त्यांना पाठ फिरवून बसवलं, नळी काढून दुसरी कोरी लावली. थोडा वेळ सगळं बरोबर चाललं. पुन्हा चालू लागलो आणि पुन्हा तेच. कडूबाईंचा एक लांब, शांत श्वास, त्याचा एक झोत. तो संपतो न संपतो तोच मध्ये दुसरा झोत. आखूड, घाईचा. मागून येणाऱ्या कुणालातरी आपल्याला गाठायचं असावं, तसा.

मीटरवर शहाण्णव.

श्वास ओळखणारा सेन्सर बिघडलाय, म्हणून झोत जास्त सुटताहेत, म्हणून आकडा वाढलाय. मी मनाशी हिशेब जुळवला आणि तो जुळल्याचा मला आनंदही झाला. पण बॅटरी भराभर उतरत होती.

"मावशी, मशीन नीट चालत नाहीये. खाली जाऊया."

कडूबाई वळल्या. त्यांचे डोळे लकाकत होते.

"तुला बी ऐकू येतंय व्हय?"

"काय?"

"भागिरथी हाय ती. चढावर कायम माझ्या मागंच असायची. थांब गं कडू, थांब गं, करत." त्यांनी मागे वळून मोकळ्या वाटेकडे पाहून हाक मारली, "ये बया, ये! आलंच आता!"

आणि त्या निघाल्या. जवळजवळ पळतच. माझ्या अंगावर शहारा आला होता, तरी हसूही येत होतं. ही बाई, जिला मी महिन्याभरापूर्वी व्हीलचेअरवरून उतरवून घेतलं होतं, ती माझ्यापुढे डोंगर चढत होती! मी धावले. दोघी धापा टाकत, हसत माथ्यावर पोचलो.

खाली बंधाऱ्यांचं पाणी चमकत होतं. कांद्याची हिरवी वावरं, कौलं, रस्त्यावरून सरकणारी एसटी. कडूबाई एका दगडावर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही डोळे पुसले.

मग मी काही बोलायच्या आत त्यांनी नाकातली नळी काढली आणि शेजारच्या दगडावर ठेवली.

"घे बया. आता तू घे पोटभर."

बसल्यावर त्यांना ऑक्सिजन लागत नाही, हे मला माहीत होतं. मी घाबरले नाही. मशीन गप्प होण्याची वाट पाहिली.

फुस्.

नळी दगडावर पडलेली होती.

फुस्. फुस्. फुस्.

आधी घाईचे. मग हळूहळू संथ. धाप शमत चाललेल्या माणसाचे असतात तसे. बॅटरीचा दिवा नारिंगी झाला.

मी गुडघ्यावर बसले. नळीच्या टोकापाशी तळहात धरला. बोटांमधून हवा गेली. आत. कुणी श्वासासोबत ओढून घ्यावी तशी, थंड आणि सावकाश. ती परत येईल म्हणून मी हात तसाच धरून ठेवला. श्वास आत जातो, मग बाहेर येतो. तो ऐकण्यावरच माझं पोट चालतं.

आला नाही.

पुन्हा आत. आधीपेक्षा लांब. पुन्हा थांबले.

नाही.

फक्त आत.

"किती वर्सांनी पोटभर श्वास घेतलाय बघ तिनं," कडूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका सुखी झाला होता की मला काही सांगवेना.

मी नळी उचलायला गेले. ती आली नाही. ओढ फार नव्हती. आपलं अजून पुरतं झालेलं नसताना माणूस हातातली वस्तू धरून ठेवतं, तेवढीच.

मी बटण दाबून मशीन बंद केलं. नळी हातात सैल झाली.

बॅटरी बदलली, तिसरी नळी लावली आणि आम्ही उतरू लागलो. आता एका श्वासाला एकच झोत. पूर्ण उतारभर मी तेवढंच ऐकत होते. कडूबाईंची टकळी मात्र थांबत नव्हती.

"सोमवारी परत यायचं. तिच्यासाठी येगळी मशीन आन गं पोरी."

"बघू, मावशी."

खाली गोरक्ष पळत सामोरा आला. आई स्वतःच्या पायांनी उतरताना बघून तो वाटेतच थबकला.

"आई, वरपर्यंत गेल्तीस?"

"अरं, माथ्यापत्तुर!"

त्यानं आईला मिठी मारली. शेजारच्या बाया जमल्या, कुणी चहा टाकला, जो तो एकदम बोलत होता. मीही हसत होते. हात तेवढे बगलेत दाबून धरले होते.

वारा सुटला होता. कडूबाईंचा पदर पूर्वेकडे फडफडत होता आणि रस्त्याची धूळही तिकडेच चालली होती. मी मान वर करून डोंगराकडे पाहिलं. उतारावरचं सगळं गवत पूर्वेकडे लवत होतं. माथ्यावरचं तेवढं चारी बाजूंनी आत, आम्ही बसलो होतो त्या एकाच जागेकडे झुकलेलं होतं, आणि परत वर येत नव्हतं.