कुणी राहिलंय का?

शाळेचे गटफोटो काढणं म्हणजे मेंढरं वळण्याचं काम, असं फोटोताईचे वडील म्हणायचे. त्यांनी तीस वर्षं याच शाळेत ती मेंढरं वळली. ते गेल्यावर कॅमेऱ्याची पेटी, ट्रायपॉड आणि मेंढरं, सगळं लेकीच्या गळ्यात पडलं. शाळेत तिला लहानथोर सगळे फोटोताईच म्हणत. तिचं खरं नाव बहुधा मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसावं.

काम वर्षातून एकच दिवस. सकाळी आठला पहिलीपासून सुरुवात, बाराच्या आत आवरायचं. जागा ठरलेली: मागच्या अंगणातल्या पायऱ्या, पाठीमागे काळ्या दगडाची भिंत, भिंतीपलीकडे पाण्याचा हौद. यंदा मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. तिची स्वतःची ठमी शाळा बदलून इथे चौथीत आली होती.

"आई, फोटोत माझ्या शेजारी कोण उभं राहणार?" सकाळी वेणी घालून घेताना ठमीने विचारलं होतं.

"राहील की कुणीतरी."

"माझ्याशी कुणी बोलतच नाही."

फोटोताईने रिबीन जरा जास्तच घट्ट बांधली. 

कॅमेरा तसा हुशार, पण त्याला एक खोड असते. त्याला वाटतं, सगळं जग करड्या रंगाचं. पांढरं दाखवलं की 'बाप रे, केवढा उजेड' म्हणून तो फोटो काळवंडून टाकतो. काळं दाखवलं की 'केवढा अंधार' म्हणून नको तितका उजळतो. मग माणसाने चकती फिरवून त्याची समजूत काढायची. "पांढऱ्याला दे, काळ्याकडून घे," हा बाबांचा मंत्र. पांढऱ्या गणवेशाच्या वर्गाला प्लस एक द्यायचा, म्हणजे उजेड एक पायरी वाढवायचा, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

बाबांनी आणखी एक गोष्ट शिकवली होती. "मुलं मोजून घे. तीनदा मोज. पण 'कुणी राहिलं असेल तर या' असं कधी म्हणू नकोस." का, म्हणून विचारलं की ते भिंग पुसायला घ्यायचे. आधीच स्वच्छ असलेलं भिंग.

चौथीचा वर्ग शेवटी आला. ऊन चढलेलं, मुलं कंटाळलेली, कुणी कुणाची वेणी ओढतंय, कुणी रडतंय. दुसऱ्या रांगेच्या टोकाला ठमी उभी होती आणि तिच्या शेजारी एका मुलाची जागा मोकळी होती. फोटोताईला ती जागा टोचली. नक्कीच कुणीतरी नळावर रेंगाळलंय, तिला वाटलं. मोजायचं तिच्या ध्यानातच राहिलं नाही.

"कुणी राहिलंय का?" ती ओरडली. "राहिलं असेल कुणी, तर या पटकन आत!"

कुणीच आलं नाही. तिने बटण दाबलं.

फोटो काळा आला. चेहरे जेमतेम दिसत होते. ऊन तेच, प्लस एकही तसाच. तिने प्लस दीड केला, मग दोन. तरी मुलं संध्याकाळ झाल्यासारखी दिसत होती. बॅटरी काढून घातली, भिंग पुसलं. छे. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर म्हणत होतं, समोर पांढरं फार आहे.

मग तिने मुलं मोजली. एकतीस. हजेरीपटावरही एकतीसच होती.

तिने मीटर एका ठिपक्यापुरतं मोजायला लावलं आणि तो ठिपका सावकाश फिरवला. भिंत... बरोबर, काळी. पायरी बरोबर. ठमीशेजारची मोकळी जागा...

तिथेही मागे काळा दगडच होता. तिला डोळ्यांनी दिसत होता. पण मीटर सांगत होतं, पांढरं. धुतलेल्या गणवेशासारखं स्वच्छ पांढरं.

"आई," ठमी हसत म्हणाली, "इथे किती गार वाटतंय!" आणि कुणाला तरी जागा द्यावी तशी ती जरा सरकली.

वर्गाच्या बाई कधी जवळ येऊन उभ्या राहिल्या, ते फोटोताईला कळलं नाही. त्या केस पिकलेल्या, याच शाळेत शिकलेल्या.

"तुम्ही... तसं बोलायला नको होतं," बाई हळूच म्हणाल्या. "तुमचे वडील कधी बोलत नव्हते."

"का?"

"मी चौथीत होते. माझी मैत्रीण तोंड धुवायला नळावर गेली. परत येईपर्यंत फोटो झाला होता. खूप रडली. तुमचे वडील म्हणाले, रोल संपलाय बाळ, पुढच्या वर्षी." बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "संध्याकाळी ती हौदात सापडली... माझ्या शेजारची जागा होती तिची."

फोटोताईने पुन्हा ठिपका धरला. पांढरं आता मोकळ्या जागेत नव्हतं. ते ठमीच्या खांद्याला लागून होतं.

"ठमे, इकडे ये. माझी पिशवी धर."

"आई, माझा फोटो?"

"नंतर काढू. ये म्हणते ना!"

ठमी खाली उतरली.  त्याच क्षणी मीटर सुतासारखं सरळ झालं. प्लस एक. फोटो कसा लख्ख आला! मुलं हुश्श करून पांगली. फोटोताईनेही सुटकेचा श्वास सोडला आणि जुन्या सवयीने कॅमेऱ्याच्या पडद्यावरचे चेहरे मोजले. तीस असायला हवे होते.

एकतीस होते. तिने तीनदा मोजले. मग कॅमेरा बंद करून पेटीत ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

ठमी घरी येईपर्यंत दोन पावलं मागूनच चालत आली. पोरीचं मन मोडलं होतं आणि ते आपणच मोडलं, हे आईला खात होतं. बाबांनी त्या मुलीला सांगितलेलं 'पुढच्या वर्षी' आणि आपलं 'नंतर', यात फरक तो काय? संध्याकाळी तिने बाहेरच्या खोलीत काळा पडदा टांगला, दिवे लावले, आधी रिकाम्या पडद्याचं मोजमाप घेतलं. काळ्याला आकडा लहान, पांढऱ्याला मोठा. आला पंधरा.

"ये, उभी राहा. एकटीचा मोठ्ठा फोटो काढू."

ठमी गणवेशातच होती. ती पडद्यासमोर येऊन उभी राहिली, पांढरी, चौकटभर. आकडा आता साठच्या घरात जायला हवा होता.

पंधरा.

"जरा बाजूला हो." पंधरा. "आता ये." पंधराच. तिने ठिपका नेमका फ्रॉकवर धरला. मीटर सांगत होतं, काळा पडदा. तरी तिने एक फोटो काढला. पडदा राखेसारखा फिका आला आणि ठमीच्या जागी चुन्याचा ढग. 'काळ्याकडून घे.' तिने मायनस एक केलं, दोन केलं... बटण मात्र दाबलं नाही. कॅमेरा टाकून ती धावली, पोरीला उराशी धरलं. अंग उबदार होतं. केसांना खडूचा वास येत होता. वेण्या कोरड्या, रिबिनी सकाळी बांधल्या तशा.

"आई, मी आले ना फोटोत?"

 ती कॅमेऱ्यामागे परत गेली. सबंध दिवसात कॅमेऱ्याने दाद दिली होती ती एकाच वाक्याला, आणि ते तिच्या तोंडून आपोआप, हुंदक्यासारखं बाहेर पडलं.

"राहिलं असेल कुणी... तर ये गं... आत ये..."

आकडा हलला. वीस... तीस... साठ. तिने देवाचे आभार मानत चकती प्लसवर नेली आणि बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. चेहरा ठमीचाच, हसूही ठमीचंच. फक्त कपाळावरचे केस ओले होते, नुकतंच नळावरून तोंड धुऊन आल्यासारखे, आणि हनुवटीवरून एक थेंब कॉलरवर पडत होता.

"बघू ना, आई," पडद्यासमोरून आवाज आला. "कशी आलेय मी?"

फोटोताईने कॅमेऱ्याच्या पडद्यावर हात ठेवला. मान वर करून समोर पाहण्याचा धीर तिला होईना.