शाळेतली आई

“लायब्ररीची चावी इथे ठेव,” वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, बोट टेकवलं.

धाकटीने हातातला घास परत ताटात ठेवला. समोर बसलेल्या खारूने मान इतकी खाली घातली की तिची वेणी ताटात पडायचीच बाकी राहिली.

धाकटी ही दादाची लहान बहीण. वहिनी ज्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्याच शाळेची लायब्ररी ती सांभाळायची. आणि खारू ही दादा-वहिनींची एकुलती एक लेक. लहानपणी खाऊ गालात साठवून ठेवायची म्हणून बापाने तिला खारूताई म्हटलं, ते सातवीत गेली तरी सुटलं नव्हतं.

“गणिताच्या तासाला ही लायब्ररीत असते. आज नाही, काल नाही, कितीतरी दिवस! आणि लायब्ररीच्या बाई तिला कपाटामागे बसवून फाटकी पुस्तकं चिकटवायला देतात. खरं की खोटं?”

“खरं,” धाकटी म्हणाली.

“का?”

धाकटीने एकदा खारूकडे पाहिलं. पोरीचे डोळे विनवत होते...

“बोल ना! मुख्याध्यापिकेची मुलगी तास बुडवते आणि तिची आत्या तिला पाठीशी घालते, हे मला शिपायाच्या तोंडून कळावं? तू तिला पळायला शिकवलंस, धाकटे. मी शिकत होते तेव्हा तू तुझी चांगली नोकरी सोडून हिला सांभाळलंस, ते मी विसरले नाही. पण म्हणून ती तुझी झाली नाही!”

“अगं, जेवताना तरी...” दादा पुटपुटला.

“तुम्ही मध्ये पडू नका.”

“पडलो कुठे? चांगला बसलोय,” दादा म्हणाला. एरवी या वाक्यावर खारू खिदळली असती.

धाकटीने कमरेची चावी काढून बरणीशेजारी ठेवली. सोमवारपासून तिने पलीकडच्या इमारतीत, बालवर्गाची कपाटं लावायला जायचं, आणि परीक्षा होईपर्यंत लायब्ररी बंद, असं ठरलं. तिने एका शब्दानेही हरकत घेतली नाही. अपमान तिला झोंबला, नाही असं नाही. पण त्याहून जड होतं ते खारूला दिलेलं वचन.

आता हे वचन समजायचं तर या घराचा एक नियम आधी समजायला हवा. खारू पहिलीत आली तेव्हा लोक कुजबुजू लागले की हिला गुण घरीच मिळतात. त्या बोलण्याने वहिनी फार दुखावल्या आणि त्यांनी नियम केला : फाटकाच्या आत आई नाही, आत्या नाही. आत ‘मोठ्या बाई’ आणि ‘लायब्ररीच्या बाई’. आणि घरी आल्यावर शाळेचा विषय काढायचा नाही. नियम प्रामाणिक होता. खारूने तो इतक्या निष्ठेने पाळला की एकदा मैदानावर गुडघा फुटला तेव्हाही ती रडत “मोठ्या बाई!” असंच ओरडली होती. सगळे हसले होते, वहिनींना अभिमान वाटला होता.

यंदा मात्र पोरीचं काहीतरी बिनसलं. गणिताच्या तासाला फळ्यासमोर उभं केलं की तिच्या छातीत धडधडे, बोटं बधिर होत, वर्गाच्या भिंती जवळ येताहेत असं वाटे. एक दिवस ती वर्गातून उठली ती थेट मुख्याध्यापिकांच्या दारात. आत पालक बसलेले. “मोठ्या बाई, मला वर्गात बसवत नाही,” ती म्हणाली. वहिनींनी कागदावरची नजरही वर न करता विचारलं, “वर्गशिक्षिकेची परवानगी घेतलीस? मग आधी वर्गात जा.”

ती वर्गात गेली नाही. लायब्ररीच्या कपाटामागे धाकटीला सापडली ती घामाने डबडबलेली, पाय पोटाशी घेतलेली. धाकटीने काही विचारलं नाही. तिच्या हातात खळीचा ब्रश दिला आणि पाठ निखळलेलं एक भूगोलाचं पुस्तक दिलं. निम्मं पुस्तक होईतो पोरीचा श्वास जागेवर आला आणि मग तिने सगळं सांगितलं.

“आईला सांगू या का?” तेव्हा धाकटीने विचारलं होतं.

“नाही! घरी कसं सांगणार, ती शाळेची गोष्ट आहे. आणि शाळेत आई नसतेच ना, आत्या... तू सांगणार नाहीस. शपथ घे!”

धाकटीने शपथ घेतली. चुकलं ते तिथे. रोज कपाटामागे पुस्तकं बरी होत होती, पण वर्गाचं दार रोज थोडं आणखी लांब जात होतं. धाकटीला ते दिसत होतं. ‘आणखी थोडे दिवस, मग सांगू’ असं ती स्वतःला समजावत होती. वहिनींच्या आरोपात तथ्य होतं, म्हणूनही ती टेबलावर गप्प बसली.

सोमवारी ती बालवर्गासाठी निवडलेली पुस्तकं खोक्यात भरून मधल्या व्हरांड्यातून निघाली होती. गणिताच्या तासाची घंटा होऊन गेलेली. वळणावर तिला खारू दिसली. लायब्ररीच्या कुलपावर दोन्ही हात ठेवून उभी, ओठ पांढरे, खांदे उडताहेत. आणि पलीकडून, टाचा वाजवत, वहिनी येत होत्या.

“तास कोणता आहे तुझा?”

“मोठ्या बाई... मला... मला...”

“वर्गात जा.”

पोरगी जागची हलली नाही. तिला हलताच येत नव्हतं. आजूबाजूच्या वर्गांतून माना बाहेर आल्या, गणिताच्या बाई खडू हातात घेऊन दारात आल्या. धाकटीने खोकं खाली ठेवलं. आता आपण बोललो तर या मुलीचा आपल्यावरचा विश्वास कायमचा जाईल, हे तिला लख्ख कळत होतं. ज्या पोरीसाठी तिने आयुष्याची इतकी वर्षं हसत हसत दिली, तिचा विश्वास! ती दोन पावलं पुढे झाली आणि तिने हाक मारली,

“वहिनी!”

शाळेत ही हाक कुणी कधी ऐकली नव्हती. वहिनी गर्रकन वळल्या.

“वहिनी, ती तुमच्याकडे आली होती. सगळ्यात आधी तुमच्याचकडे. तिचा श्वास अडकतो हो, ती कामचुकार नाही! तिने तुम्हाला बाई म्हटलं, तुम्ही बाईंसारखं उत्तर दिलंत. घरी शाळा नाही आणि शाळेत आई नाही... मग तिने सांगायचं कुणाला?”

वहिनींनी लेकीकडे पाहिलं आणि बहुधा त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी कुलपाखाली, फरशीवर बसल्या. त्यांनी खारूला ओढून जवळ बसवलं.

“आई म्हण.”

“इथे?” खारूने कसंबसं विचारलं.

“इथेच. माझं चुकलं गं, बाळा...”

खारूच्या तोंडून ते येईना. इतक्या वर्षांची सवय! शेवटी शब्द आला तो हुंदक्यासारखा, आणि त्यामागून सगळं रडू आलं. वहिनींनी खिशातून चावी काढून मान न वळवता मागे धरली.

“धाकटे, दार उघड. पाणी आण हिला.”

संध्याकाळी खारू आत्याशी बोलली नाही. “तू सांगितलंस,” एवढंच म्हणाली.

“सांगितलं,” धाकटी म्हणाली. “पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन.”

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. खारूची डॉक्टरांशी भेट झाली. गणिताच्या बाईंनी तिला दाराजवळचा बाक दिला आणि फळ्यासमोर उभं करणं थांबवलं. सुरुवातीला दार उघडं ठेवून धाकटी बाहेर खुर्चीवर पुस्तकं चिकटवत बसे. मग खुर्ची जिन्यापाशी सरकली, मग लायब्ररीच्या दारात. मधेच एक आठवडा सगळं उलटं फिरलं, तेव्हा खुर्ची मुकाट्याने पुन्हा मागे आली. वहिनींच्या खोलीत दाराशी आणखी एक खुर्ची आली. जे मूल तिथे येई त्याला आधी बसायला सांगत, परवानगीचं नंतर. आणि वहिनी धाकटीला एवढंच म्हणाल्या, “त्या रात्री टेबलावर मी ‘ती तुझी झाली नाही’ म्हणाले ना... ते मागे घेते.”

“मी ते धरलंच नव्हतं, वहिनी,” धाकटी म्हणाली. ते खरं नव्हतं. पण आता खरं झालं.

एका दुपारी गणिताचा तास संपल्याची घंटा झाली आणि खारू लायब्ररीत आली. धाकटीने सवयीने खळीची वाटी पुढे सरकवली.

“ती नको,” खारू म्हणाली. “पुस्तक हवंय. घरी न्यायला.” जरा थांबून, मैत्रिणी ऐकत असताना, तिने जोडलं, “लवकर दे ना, आत्या. आई फाटकात थांबलीये.”

धाकटीने पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. तो किंचित तिरका उमटला.