सावलीच्या बाजूची पानं

शिडीवरच्या माणसाला खालून अचानक हाक मारू नये. तिने मारली. बागेचा माळी दचकला आणि त्याच्या पिशवीतली अर्धी पानं तिच्या डोक्यावर आली.

"लागलं नाही ना?"

"पानं लागतात का कुणाला?"

"मग केसांतली राहू द्या… शोभतायत."

रागवायला तोंड उघडलं होतं, पण तिला हसूच आलं.

त्या झाडाच्या पानांवर तिचं संशोधन होतं. कडक उन्हापासून वाचण्यासाठी पान स्वतःत फ्लॅव्होनॉइड नावाचं संरक्षक द्रव्य साठवतं; ते माणसाच्या पेशींनाही वाचवेल का, हे तिला पाहायचं होतं. वाळलेल्या पानांचा अर्क जांभळ्या द्रावणात टाकायचा. पानात दम असेल तर जांभळा रंग उतरून पिवळा होतो. पहिल्या पिशवीने तो झटक्यात उतरवला.

मग दर मंगळवारी तो पानं आणू लागला. कोवळी, स्वच्छ, एकही डाग नसलेली.

"निवडून आणता की काय?"

"तुमच्यासाठी निवडू नको… तर कुणासाठी?"

मंगळवार लवकर येईनासे झाले. जांभळा रंग मात्र हटेना. तीन महिन्यांनी मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत रंग उतरला नाही, तर हे झाड सोड. पानं दुसऱ्या बागेतून मागवू."

दुसरी बाग. म्हणजे दुसरा माळी. त्या दिवशी तिचा डबा तसाच राहिला.

तिने नोंदवही पुन्हा चाळली आणि तडक बागेत गेली.

"पहिल्या दिवशीची पानं कुठली होती?"

"पलीकडची, उन्हातली. रापलेली, खरखरीत."

"आणि नंतरची?"

"ही… सावलीची."

"अहो माळीबुवा! उन्हात भाजलेल्या पानातच तर सगळं असतं! बाजू का बदललीत?"

तो शिडीवरून उतरला. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

"चढून बघा."

ती चढली. फांदीसमोरच प्रयोगशाळेची खिडकी होती. तिचं टेबल, जांभळ्या नळ्या, स्टुलावर टाकलेली तिची ओढणी… सगळं दिसत होतं. ती बराच वेळ खाली उतरली नाही.

"माझ्यामुळे तुमचं काम बिघडलं," तो खालून म्हणाला. "उद्यापासून शिडी पलीकडे."

आणि त्याने ती खरोखरच नेली. रोज उन्हातली पानं प्रयोगशाळेच्या दारात येत, तो दिसत नसे. ती मात्र खिडकीबाहेर पाहून पाहून कंटाळली.

पानं वाळून अर्क निघेपर्यंत महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला, आणि द्रावणात थेंब पडला. जांभळा रंग थरथरला, फिका झाला… पिवळाधमक! बाईंनी पाठ थोपटली. ती नळी घेऊन खिडकीशी धावली.

झाडाखाली, सावलीच्या बाजूला, तो उभा होता. हातात ना पिशवी, ना शिडी.

"उतरला?"

"उतरला! आणि तू इकडे कसा? पानं तर तिकडची हवीत."

"आज पानांसाठी नाही आलो…"

तिने खिडकीतून नळी त्याला दाखवली.

"मग खाली काय उभा राहतोस? वर ये. दार उघडंच आहे."