पाठमोरा गुप्तहेर

कल्पना करा बरं, बाळांनो... चष्म्याच्या दुकानात एक तरुणी आरशासमोर उभी आहे. नवी फ्रेम डोळ्यांवर चढवून ती स्वतःशीच पुटपुटते, "अगदी घुबड दिसतेय मी!" तेवढ्यात लांबच्या बाकावर बसलेली नऊ वर्षांची टिल्ली भराभर हात हलवते. ते पाहून तिचा मामा, म्हणजे चष्मेवाला, हसू दाबत म्हणतो, "ही दुसरी बघा. हिच्यात कुणी घुबड दिसत नाही."

टिल्लीला ऐकू येत नसे. ती ओठ वाचायची आणि हातांच्या खुणांनी बोलायची. तरुणीचं पुटपुटणंही तिनं आरशातूनच वाचलं होतं.

हे कळल्यावर तरुणी रागावली नाही, उलट हरखलीच! जुने सिनेमे दुरुस्त करणं हे तिचं काम. एका गाजलेल्या रहस्यकथेवरून काढलेला गुप्तहेराचा सिनेमा तिच्याकडे आला होता. शेवटच्या भागाचा आवाज पार गेलेला, आणि सिनेमाचा शेवट पुस्तकाहून निराळा. ओठ वाचणारं माणूस हवंच होतं!

मग रोज दुपारी तिघं तरुणीच्या कामाच्या खोलीत छोट्या पडद्यासमोर बसू लागली. टिल्ली खुणा करी, मामा बोले, तरुणी लिहून घेई. मधेच मामाची आणि तरुणीची नजरानजर होई... आणि वाक्य निसटे. टिल्ली कपाळावर हात मारून घेई.

सातव्या दिवशी शेवटचा प्रसंग आला. उद्यापासून मामाला तिथे यायचं कारणच उरणार नव्हतं. पोलीस खुन्याला घेऊन गेले. पडद्यावर उरले गुप्तहेर आणि त्याची टायपिस्ट.

मामा हळूच म्हणाला, "खुनी तर सापडला. पण उद्यापासून... तुम्हाला भेटायला कोणत्या निमित्तानं येऊ?"

तरुणीनं लिहिलं. मग थबकली. तिनं फिल्म मागे घेतली.

"अहो, इथे तर गुप्तहेर पाठमोरा आहे! ओठ दिसतच नाहीत. आणि टिल्लीचे हात मांडीवर आहेत."

"असं?" मामाचे कान लाल झाले.

"मग हे वाक्य कोणाचं?"

"पुस्तकातलं असेल..."

"पुस्तक मला तोंडपाठ आहे. मुकाट्यानं गुन्हा कबूल करा."

"कबूल. माझंच आहे. आता निकाल?"

तरुणीनं तोंड उघडलं - आणि मिटलं. टिल्ली डोळे विस्फारून तिच्या ओठांकडेच बघत होती. मामाचा जीव टांगणीला लागलेला, आणि उत्तर ओठांवर अडलेलं!

टिल्लीला कळलं. तिनं मोठ्या माणसासारखा सुस्कारा सोडला, खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि तिच्यावर खुशाल पाय हलवत बसून राहिली.